उतारावरचे जोते

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या घराचा शेवटचा वासा खाली उतरला आणि मागे उरले ते नुसते जोते. गुहागर तालुक्यातले आमचे गाव डोंगराच्या पश्चिम उतरणीवर वसलेले आहे. पणजोबांनी १८९८ च्या सुमारास बांधलेले हे घर वाळवीने आतून पोखरले होते. ते उतरवून त्याच जागी नवे बांधायचे, असे सगळ्या भावंडांच्या संमतीने ठरले. छप्पर गेले, भिंती गेल्या, आणि ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो ते घर मला पहिल्यांदा दिसले. विनोद म्हणून हे लिहीत नाही. घर उभे असते तेव्हा आपण त्यातली माणसे पाहतो, भांडी पाहतो, झोपाळा पाहतो. जोते उघडे पडले म्हणजे घराचा विचार दिसतो.

पुतण्याने पुण्याहून नव्या घराचा नकाशा करून आणला होता. नकाशा देखणा होता. साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद अशी सपाट जागा, तीवर एकाच पातळीत सगळ्या खोल्या, पुढे दोन मोटारी राहतील असे अंगण. मी विचारले, "अरे, ही सपाट जागा आणणार कुठून?" तो म्हणाला, "काका, जेसीबी दोन दिवसांत करून देईल. मागची माती काढायची, की झाले सपाट." दादांना ते पटले होते. त्यांचे गुडघे आता पायऱ्यांना कंटाळले आहेत. वहिनी काही बोलल्या नाहीत. मी म्हटले, चार दिवस थांबा. मला हे जोते मोजून घेऊ द्या. इतिहासाच्या मास्तराला कागदपत्रे सापडली नाहीत, तर तो दगडाला प्रश्न विचारतो. एवढीच माझी त्यामागची बुद्धी.

पहिला प्रश्न असा, की मुळात आमच्या लोकांनी उतारावर घर बांधलेच का? खाली भाताचे मळे आहेत, चांगले टेबलासारखे सपाट आहेत. उत्तर प्रश्नातच आहे. कोकणात सपाट जमीन मूठभर, आणि ती भाताची. डोंगराच्या अंगावरची ती वरकस. तीत नाचणी-वरी पिकायची आणि मग दोन-चार वर्षे ती पडीक टाकायची. जिथे भात पिकेल तिथे माणसाने पाय पसरायचे नाहीत, हा हिशेब कोकणातल्या बहुतेक जुन्या गावांनी पाळलेला दिसतो. म्हणून वर कातळाचा सडा, मध्यावर घरे, घरांखाली पोफळीचे आगर, आगराखाली मळे आणि त्याखाली खाडी, अशी ही उतरंड. पोटासाठी सोडलेली जमीन सपाट आणि राहण्यासाठी घेतलेली तिरकी.

आता मोजणीकडे येतो. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बरोबर घेतले. त्याच्या पिशवीत सूत, ओळंबा, गुण्या होते आणि पाणसळीच्या जागी रबरी नळी होती. नळीत पाणी भरायचे, एक टोक वर धरायचे, दुसरे खाली. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबते. पाणसळ हा शब्दच पाण्यापासून झालेला आहे, हे त्या दिवशी माझ्या नीट ध्यानात आले. आमचा उतार निघाला पाचास एक. म्हणजे पाच फूट चालावे आणि एक फूट उतरावे. जुने घर मागून पुढे पस्तीस फूट होते. म्हणजे मागच्या दारापासून ओटीच्या कडेपर्यंत जमीन सात फूट उतरली होती. हे सात फूट पणजोबांनी कसे पचवले? त्यांनी घराचे तीन पट्टे केले. मागे स्वयंपाकघर, वळई आणि बाळंतिणीची खोली, मध्ये माजघर आणि देवघर, पुढे ओटी. प्रत्येक पट्टा मागच्यापेक्षा अठ्ठावीस इंच खाली, म्हणजे सात-सात इंचांच्या चार पायऱ्या. दोन वेळा अठ्ठावीस इंच उतरल्यावर जे अठ्ठावीस उरले ते पुढच्या जोत्याने घेतले. चौऱ्याऐंशी इंचांचा हिशेब चोख जमला. घराची लांबी त्यांनी उताराला आडवी ठेवली, उताराच्या दिशेने नव्हे. त्यामुळे डोंगर थोडाच कापावा लागला आणि भराव कुठेही अडीच फुटांवर गेला नाही. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढण्याची युक्ती चार्ल्स हटन ह्या इंग्रज गणितज्ञाने स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराच्या मोजणीत वापरली, ती १७७० नंतरच्या दशकात. पणजोबांना हटन ठाऊक असण्याचे कारण नाही. पण उतारावर एका उंचीने चालत गेले की दम लागत नाही, हे त्यांच्या गुरांनाही ठाऊक होते.

पुढची पडवी मात्र पणजोबांची नव्हे. ती आजोबांनी १९३६ साली वाढवली. आठ फुटांची, मंडळी बसायला ऐसपैस. तिथे मात्र जमीन आणखी खाली गेलेली, आणि आजोबांनी तो खड्डा मातीने भरून काढला. कडेला भराव सुमारे चार फुटांचा झाला. ती तीस वर्षे ठीक होती. १९६७ च्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. मी नऊ वर्षांचा होतो. कौले खडखडली, गोठ्यात गुरे ओरडली, आजीने मला पाठीशी घेऊन खळ्यात आणले. उजाडल्यावर पाहिले तर पणजोबांच्या तीन पट्ट्यांना साधी चीर नव्हती. आजोबांच्या पडवीचा नैर्ऋत्येचा कोपरा हातभर खचला होता. पुढे तो डागडुजी करून उचलला, पण दर पावसाळ्यात तो थोडा थोडा बसतच राहिला. खोदलेली जमीन घराला धरते आणि भरलेली जमीन घराला सोडते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होते, फक्त कोणी त्याला नियम म्हणत नसे.

गंमत अशी की त्याला नियम म्हणणारा माणूस चौदाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय घातला आहे. त्यात जमिनीची परीक्षा सांगितली आहे: हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरावी. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, अपुरी पडली तर टाकाऊ. दुसरी परीक्षा पाण्याची: खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले चालून परत यावे, पाणी उतरले नसेल तर जागा धन्य. ह्याला कोणी भाबडेपणा म्हणेल, पण घट्ट बसलेली माती खणली की फुगते आणि भुसभुशीत माती दाबली की आक्रसते, ही साधी गोष्ट त्यात बरोबर धरलेली आहे. आम्ही हा खड्डा दोन ठिकाणी करून पाहिला. माजघराच्या जागी दीड घमेले माती उरली. पडवीच्या जागी खड्डा भरायला तीन घमेली बाहेरून आणावी लागली. पुतण्या बराच वेळ त्या खड्ड्याकडे पाहत उभा होता.

वराहमिहिराचे नाव काढले की त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उतार कोणत्या दिशेचा हवा ह्याचीही त्याने वर्णवार वाटणी करून ठेवली आहे: उत्तरेचा उतार ब्राह्मणाला, पूर्वेचा क्षत्रियाला, दक्षिणेचा वैश्याला आणि पश्चिमेचा शूद्राला. आता सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत सारे कोकण पश्चिमेकडे उतरते! ह्या हिशेबाने चित्पावनांनी कोकणात घर बांधायलाच नको होते. पण त्याच श्लोकात सवलतही आहे: ब्राह्मणाने मात्र कुठेही राहावे. शास्त्र लिहिणारे आणि शास्त्र पाळणारे एकाच पंक्तीचे असले म्हणजे अशा सवलती सापडतात. असो.

दिशेचा खरा पेच शास्त्राचा नव्हता, पावसाचा होता. घराचे तोंड पूर्वेला असावे असे सगळ्यांना वाटते. पण पश्चिम उतरणीवर पूर्वेला तोंड करायचे म्हणजे डोंगराकडे तोंड करून बसायचे. आमच्या वाडीत अशी दोन घरे आहेत. पाखाडीवरून त्यांच्या दारात उतरून जावे लागते, आणि आषाढात पाखाडीचे पाणीही तसेच उतरून दारात येते. पणजोबांनी तोंड पश्चिमेला केले. मग समोर आला नैर्ऋत्येचा झोडपा. त्याला उत्तर म्हणून छप्पर पुढे इतके खाली ओढले होते की उंच माणसाला वाकून आत यावे लागे. शिवाय ज्येष्ठाच्या आधी माडाच्या झावळ्या विणून केलेली झापे पश्चिमेच्या अंगाला बांधत. चार महिने ओटीवर दिवसाही संध्याकाळ असे. कौले मंगळुरी. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि ती कौले गलबतांतून किनाऱ्यावरच्या बंदरा-बंदरांत उतरू लागली. आमची कौले उतरवताना त्यांच्या पाठीवर उठवलेली इंग्रजी अक्षरे दिसली. खाडीपर्यंत गलबत आणि खाडीपासून वर माणसांची डोकी, असा त्यांचा प्रवास. ती डोकी कोणाची, हा विषय पुढे येणारच आहे.

जोत्याच्या मागे, डोंगराच्या बाजूला, घराच्या लांबीहूनही लांब असा एक चर होता. दोन फूट खोल, चिऱ्यांनी बांधलेला, दोन्ही टोकांना घराला वळसा घालून वहाळाकडे जाणारा. लहानपणी वैशाखात तो उपसायचे काम आम्हा मुलांकडे असे आणि ते मला शिक्षा वाटे. पुतण्याच्या नकाशात तो नव्हता. त्या जागी आठ फुटांचा उभा कडा आणि त्याला टेकून सिमेंटची भिंत होती. इथे माझा आणि त्याचा खरा वाद झाला.

डोंगर आमच्याकडे कसा बनला आहे ते पाहा. वर जांभ्याचा थर. फ्रान्सिस ब्युकॅनन नावाचा डॉक्टर मलबारातून फिरला. अंगाडीपुरमला लोक मऊ दगड कुऱ्हाडीने विटांसारखा कापून काढतात आणि तो हवेत वाळून टणक होतो, हे त्याने पाहिले. १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तान्तात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याने ह्या दगडाला लॅटेराइट असे नाव दिले. तोच आपला जांभा. तो स्पंजासारखा भोकाळ असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली झिरपतो आणि खालच्या चिकण मातीच्या थरावर येऊन थांबतो, कारण ती माती पाणी पिते पण सोडत नाही. मग ते पाणी आडवे चालू लागते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन फुटते. ह्या झऱ्यांवर आमची गावे जगली. पण हीच चिकण माती फार भिजली की वरचे ओझे तिच्यावरून सरकते. आणि पायथ्याची माती कापून घेतली असेल तर त्याला अडवायला काही उरत नाही. डोंगराला जो टेकू होता तोच आपण अंगण म्हणून काढून नेलेला असतो. मागे सिमेंटची भिंत घातली आणि तिला पाणी निघायला भोके ठेवली नाहीत, तर भिंत माती अडवत नाही, पाणी साठवते. जुना गडगा कोरडा रचलेला असे. त्यातून पाणी निमूटपणे निघून जाई, आणि गडगा शंभर वर्षे उभा राही.

मी पुतण्याला २००५ च्या जुलैतले महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव सांगितले. ३० जुलै २०१४ चे आंबेगाव तालुक्यातील माळीण सांगितले. २२ जुलै २०२१ चे महाडजवळचे तळिये सांगितले, जिथे ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. ह्या प्रत्येक ठिकाणी कारणे वेगळी होती, आणि तिथल्या माणसांनी काही चुकीचे केले असे मला मुळीच म्हणायचे नाही. आठ-दहा दिवसांचा पाऊस एका दिवसात कोसळला तर भल्या उतारालाही तो सोसत नाही. पण आमच्या हातात होते तेवढे आम्ही करावे की नाही? नऊ हजार सहाशे घनफूट माती डोंगराच्या पायातून काढायची, ती कशासाठी? मोटार फिरवण्यासाठी! तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नकाशातला तो कडा खोडला. तेव्हा वाटले की पणजोबा जिंकले.

पण जोते मोजता मोजता मी खाली विहिरीपाशी गेलो, आणि पणजोबांविषयीचा माझा अभिमान तिथे जरा ओसरला.

विहीर आगरात आहे. पोफळींना पाणी पाजायला ती तिथेच असायला हवी. वर कातळात विहीर खणणे त्या काळी कर्मकठीण, हेही मान्य. गवंड्याच्या नळीने विहिरीच्या कठड्यापासून स्वयंपाकघरापर्यंतची उंची मोजली. ती सत्तावीस फूट भरली. पायऱ्या बेचाळीस, त्याही ओबडधोबड. आजी १९३३ साली, सोळाव्या वर्षी, लग्न होऊन ह्या घरात आली. पिण्याचे, स्वयंपाकाचे, सोवळ्याचे, न्हाणीचे, गुरांचे असे सगळे पाणी ह्या बेचाळीस पायऱ्यांवरून जाई. आपल्या एकटीच्या वाट्याला दिवसाला वीस खेपा येत, असे ती सांगे. वीस गुणिले सत्तावीस म्हणजे पाचशे चाळीस फूट. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे सत्तावीसशे फूट उंच. म्हणजे दर पाच दिवसांनी ही मुलगी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन समुद्रकाठापासून रायगडाच्या माथ्याएवढे चढत होती. पावसाळ्याचे चार महिने पागोळ्यांखाली भांडी लावून भागे, ते वजा केले, तरी वर्षाला अठ्ठेचाळीस रायगड होतात. हिरकणी गडाचा कडा उतरून बाळाकडे गेली ही आख्यायिका आपण मुलांना कौतुकाने सांगतो, आणि सांगावीही. पण ती एकदाच उतरली होती.

रायगडाचे नाव उगाच घेतले नाही. गडावर पाण्याचा विचार कसा केला होता तो पाहावा. बालेकिल्ल्याला लागूनच गंगासागर तलाव आहे. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या नावाचा शिलालेख जगदीश्वराच्या देवळात आहे, आणि तिथल्या लेखात वाड्यांच्या जोडीने विहिरी आणि तळी आवर्जून मोजली आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले; त्यात गड बांधण्याविषयी जे प्रकरण आहे, त्याचा पहिला धडा पाण्याचा. आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर आधी खडक फोडून टाकी बांधावी. आणि एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात. केवढे बारीक लक्ष! गडावर घेरा पडला तर पाण्याशिवाय राजा आणि सेनापतीही तहानेने मरणार होते, म्हणून तिथे पाणी आधी आले. आमच्या घरात पणजोबांना तहान लागली की तांब्या समोर येत होता. सात फुटांचा उतार त्यांनी इंचाइंचाने सोडवला, कारण तो त्यांच्या पायांखाली होता. सत्तावीस फुटांचा उतार त्यांच्या हिशेबातच नव्हता. ज्या बैठकीत घराची आखणी झाली तिच्यात पाणी वाहणारे कोणी बसलेले नव्हते.

हे मी पणजोबांवर लादतो आहे असे कोणाला वाटेल. त्या काळी दुसरा उपाय काय होता? तर ऐका. घरापासून चारशे फुटांवर, घराच्या वरच्या अंगाला, शिमग्यापर्यंत टिकणारा एक झरा आहे. पोफळीचे खोड उभे चिरून, पोखरून केलेल्या पन्हळींनी असे झरे लोकांनी घरापर्यंत आणलेले मी दुसऱ्या गावांत पाहिले आहेत. आमच्या घरातही ती पन्हळ होती! ती गोठ्यापाशी येत होती आणि माघापर्यंत गुरांचे भागवत होती, असे आजीच सांगे. तिथून स्वयंपाकघर तीस हात. आणि पणजोबांचे राहू द्या. १९७४ साली माझ्या वडिलांनी विहिरीवर विजेचा पंप बसवला. त्याने पोफळी तृप्त झाल्या. नळीचे एक टोक वर स्वयंपाकघरात न्यावे हे पंधरा वर्षे कोणाच्या मनात आले नाही. त्यात मीही होतो, आणि मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो. १९८९ साली गावात नळ आला तेव्हा आजी बहात्तर वर्षांची होती. तिच्या खेपा तोवर सुनांकडे आणि नातसुनांकडे गेल्या होत्या. वहिनी १९७९ साली ह्या घरात आल्या. म्हणजे दहा वर्षे त्यांचीही.

जोत्याच्या चार-चार पायऱ्यांनाही असाच दुसरा अर्थ होता, तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमचे घराणे खोताचे. भाताचा खोती हिस्सा घेऊन कुळे येत ती खळ्यात थांबत. ओळखीचा कुणबी जोत्याच्या कडेला टेके. गावकीतली मंडळी ओटीवर बसत. माजघरात नातलग, आणि मागच्या पट्ट्यात सोवळे. सपाट घरात हे भेद रीतीने पाळावे लागतात. उतारावरच्या घरात ते चिऱ्यात बांधलेले असतात. जोत्याच्या दक्षिणेला गडग्याबाहेरून एक अरुंद वाट मागच्या परसात जाते. लहानपणी ती आम्हाला लपंडावाला सोयीची होती. ती कशासाठी होती हे मोठेपणी कळले: लाकडे फोडायला, गोठा काढायला, आणि खाडीवरून कौले चढवायला जी माणसे येत, त्यांची सावली खळ्यावर पडू नये म्हणून. ह्या माणसांनी आमच्या विहिरीला शिवायचे नाही. त्यांचे पाणी खालच्या वहाळातले, आमची गुरे धुऊन पुढे गेलेले. उतारावर वर कोण आणि खाली कोण हा भूगोल नसतो.

ह्याच कोकणात, महाडला, चवदार तळे नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केले होते, तरी त्याचे पाणी घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावे लागले, आणि त्या पाण्यावरच्या हक्काचा हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली ती १९४९ साली. आजोबांनी त्याचा राग मरेपर्यंत धरला. गडग्याबाहेरची वाट त्यानंतरही बरीच वर्षे वापरात होती.

एवढे सगळे वहीत टिपून झाल्यावर आम्ही पुन्हा ओटीच्या रिकाम्या जोत्यावर बसलो. नवा नकाशा पुतण्याने तीन पट्ट्यांचाच केला. भिंतींना जुनेच चिरे, पायऱ्या चारऐवजी पाच आणि उंचीला कमी, शेजारून आजारी माणसाची खुर्ची जाईल अशी उतरती वाट. पडवीचा भराव काढून टाकायचा आणि तिथे खांबांवर मोकळी गच्ची. मोटार खाली रस्त्यालाच राहील. चर आहे तिथेच, थोडा रुंद. दादांची खोली वरच्या पट्ट्यात, म्हणजे मागच्या रस्त्याने एकही पायरी न चढता त्यांना आत येता येईल. हा रस्ता म्हणजे तीच गडग्याबाहेरची वाट, आता रुंद होऊन सगळ्यांचीच. पावसाच्या पाण्याचा हिशेबही झाला. पंधराशे चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर साडेतीन हजार लिटर पाणी होते. आमच्याकडे वर्षाला शंभर इंच सहज पडतो. म्हणजे साडेतीन लाख लिटर. आजपर्यंत ते आम्ही घाईघाईने वहाळाला देत आलो आणि होळीनंतर टँकरची वाट पाहत आलो. टाकी किती मोठी करायची ह्यावर दादांचे आणि पुतण्याचे जमले. टाकीची जागाही त्यांनी ठरवली, खाली आगराच्या कडेला, जिथे खणायला सोपे.

अक्षय्य तृतीयेला आखणी केली. गवंड्याने सूत धरले, पुतण्याने फक्कीच्या रेघा ओढल्या, कोपऱ्याकोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. टाकीची खुंटी ठोकायला तो खाली निघाला तेव्हा वहिनी पदर खोचून उठल्या. त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच काही म्हणाल्या असतील.

"भावजी, ती खुंटी इकडे द्या."

त्या मागच्या पट्ट्याच्याही वर, चराच्या पलीकडे, घट्ट जांभा लागतो तिथवर गेल्या, आणि पायाने जागा दाखवली. पुतण्या म्हणाला, "काकू, तिथे छपराचे सगळे पाणी चढणार नाही. फक्त मागच्या पाख्याचे येईल."

"मागच्या पाख्याचे तर येईल? शिवाय झऱ्याचे येईल. खाली हवी तर दुसरी कर, आगराला. पण पिण्याची इथे." मग गुडघ्यावर हात ठेवून त्या तिथल्याच एका चिऱ्यावर बसल्या. "इथून ते आपणहून खाली येईल."

गवंड्याने नळी लावून पाहिली. टाकीचा तळ स्वयंपाकघराच्या ओट्यापासून सहा फूट वर येत होता. दगड लागल्यामुळे खणायला आठवडा जास्त लागेल, असे तो म्हणाला. दादांनी खर्च विचारला नाही. मी खुंटी ठोकली.